थेंब किती सोसतो

दाराची मूठ पितळेची होती आणि हवा कोरडी होती, त्यामुळे चट् असा आवाज होऊन बोटाला चटका बसला यात नवल काही नव्हतं. असा चटका तिला आठवड्यातून चारदा तरी बसायचा. ती "मेल्या!" म्हणायची, बोट झटकायची आणि आत जायची. आज मात्र ती बोट धरून दारातच उभी राहिली. अकरा वाजायला आले होते. पाण्याची बाटली भरायला ती पाच मिनिटं बाहेर गेली होती, आणि आत, प्रयोगशाळेतल्या त्या बुटक्या पोलादी पेटीत, सकाळी दहाला लटकवलेला थेंब तिची वाट पाहत होता. निदान तिला तरी तसंच वाटायचं. चार वाजता परक्या विद्यापीठातल्या परीक्षकबाई येणार होत्या. त्यांच्यासमोर असाच एक थेंब लटकवायचा, तो ऐंशी टक्क्यांवर फुटलेला दाखवायचा, की झालं. त्रेपन्नाव्या वर्षी ती डॉक्टर होणार होती. औषध न देणारी डॉक्टर, असं तिचा नवरा म्हणायचा. एवढं सगळं डोक्यात असताना त्या क्षुल्लक चटक्याचा विचार करायला तिला खरं तर सवड नव्हती. पण विचार आला तो आलाच, आणि न विचारता आलेल्या पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला. चटका बसला, म्हणजे मी भरलेली होते. म्हणजे रोजच असते.

भरलेली म्हणजे विजेनं. विजेचा भार हेच तर तिचं पाच वर्षांचं काम. केसाच्या जाडीएवढा एक थेंब घ्यायचा, त्याला सुईतून सोडतानाच विजेचा भार द्यायचा आणि पेटीतल्या पितळी कड्यांच्या मधोमध नुसत्या विजेच्या जोरावर अधांतरी तोलून धरायचा. कशालाही न टेकलेला थेंब, हिरव्या प्रकाशाच्या झोतात. मग बघत बसायचं. थेंब हळूहळू उडून जायला लागतो, पण उडून जातो तो नुसता द्रव. भार जागचा हलत नाही. नवऱ्याला तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे एका घरात एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दहा जावा. घर आटत चाललंय, पण जाग्यावरून हलायला एकही तयार नाही." तो दातांचे साचे बनवायचा आणि दिवसभर दुसऱ्यांचे जबडे हातात धरून बसल्यामुळे त्याची स्वतःची जीभ मोकळी असायची. पण तो बोलला ते बरोबर होतं. जावा एकमेकींना बाहेर ढकलत असतात, आणि थेंबाच्या अंगावरची ताणलेली कातडी सगळ्यांना आत बांधून ठेवते. कातडीनं किती सोसायचं याला हद्द आहे. ती हद्द फार जुन्या काळी कुणी तरी कागदावर काढून ठेवलेली. तिथं पोचला की गोल थेंब लिंबासारखा लांबट होतो, दोन्ही टोकांनी बारीक तुषारांच्या चिळकांड्या उडवतो, आणि पुन्हा गोल होतो. अंगातलं जेमतेम दोन टक्के जातं, पण भार जातो तिसरा हिस्सा. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. ही हद्द शंभर टक्के धरली तर तिचे थेंब ऐंशीवर फुटत होते. एक नाही, दोन नाही, दोनशे सहा थेंब. जग शंभर म्हणत होतं आणि तिची पेटी ऐंशी. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे हे ऐंशी, आणि परीक्षकबाई येणार होत्या त्या हेच स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.

ती आत आली. पडद्यावर आकडा होता बहात्तर. थेंब आटत जाईल तसा तो चढत जायचा, आणि अठ्ठ्याहत्तर आले की ती उठून पेटीपाशी जायची, काचेच्या खिडकीला नाक लावायची. पडद्यावर सगळं मोठं करून दिसायचं, कॅमेरा सगळं टिपायचा, नाक लावायची काडीचीही गरज नव्हती. पण ज्याला तासभर सांभाळलं त्याचा शेवट पडद्यावर काय बघायचा? लहानपणी तापलेल्या तव्यावर आई पाण्याचा शिंतोडा मारायची, तवा तापला की नाही ते बघायला, आणि त्यातला एखादा थेंब चट्कन न जळता तव्यावरून सैरावैरा धावायचा, लहान लहान होत. ही ओट्याला हनुवटी टेकून बघायची. "कुठं गेला?" "गेला नाही गं, आटला." "पण कुठं गेला?" आई म्हणायची, "तुझ्या डोक्यात," आणि स्वयंपाकाला लागायची. नंतर चोवीस वर्षं तिनं पाणी तपासायच्या कचेरीत काढली. हजारो बाटल्या, हजारो शिक्के, एकाही थेंबाकडे थेंब म्हणून न बघता. मुलगा नोकरीला लागला, घर शांत झालं, आणि एका संध्याकाळी पाऊल दुखतं म्हणून ती सहज टेकायला एका सभागृहात शिरली. तिथं व्यासपीठावरच्या काळ्या पेटीत एक थेंब कशालाही न टेकता उभा होता. तिचं पाऊल दुखायचं थांबलं. पुढच्या महिन्यात तिनं कचेरीचा राजीनामा दिला. साहेब म्हणाले, पेन्शनला चारच वर्षं उरली आहेत, वेड लागलंय का? लागलंय, असं ती म्हणाली होती, आणि अजूनही ते वाक्य आठवलं की तिला गुदगुल्या व्हायच्या.

अठ्ठ्याहत्तर. ती सवयीनं उठली, खिडकीकडे गेली, वाकली. हिरवा ठिपका तिच्या बाजूला केसभर सरकला आणि थरथरला. हे नेहमीचंच. तो आपल्याकडे सरकतो, याचा तिला तीन वर्षं मनातल्या मनात केवढा अभिमान! बोलून दाखवायची सोय नाही, शास्त्रातली माणसं हसतील, नवऱ्याला तेवढं सांगितलं होतं, तेव्हापासून तो रोज विचारायचा, "तुझा तो लोंबकळणारा जावई काय म्हणतो?" आज तिचं बोट अजून हुळहुळत होतं. ती वाकलेली होती तशीच थांबली आणि मग, का ते तिलाही कळलं नाही, दोन पावलं मागं गेली. थेंब पुन्हा मध्यावर आला आणि शांत झाला. ती पुढं झाली. तो सरकला, लांबट झाला. मागं, गोल. पुढं, लांबट. अरे देवा. तिला वाटायचं, तो थरथरायला लागतो म्हणून आपण जवळ जातो. पण आपण जवळ जातो म्हणून तो थरथरतो!

तिनं स्वतःच्या अंगाकडे बघितलं. जांभळा, गळ्याशी बंद, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला स्वेटर. वन्संनी विणलेला. लोकर म्हणून घेतलेला, पण मेंढीचं कधी तोंडही न पाहिलेला कृत्रिम धागा; काढताना अंधारात तडतडायचा. यंत्रं तापू नयेत म्हणून प्रयोगशाळा बारा महिने गार ठेवायचे, म्हणून तो बारा महिने तिच्या अंगात. मुठीला हात लागला की हातातलं हातातून निघून जायचं, पण स्वेटरमधलं स्वेटरमध्येच राहायचं. आणि खिडकीला पूर्वी पितळेची बारीक जाळी होती. बाहेरची वीज आत पोचू नये एवढंच त्या जाळीचं काम. ती जाळी तिनंच तीन वर्षांपूर्वी चार स्क्रू उलगडून काढली होती, कारण थेंबावर तिच्या रेघा पडायच्या आणि तो नीट दिसायचा नाही. जाळी अजून तिच्या खणात होती. तिच्यावर ती सेफ्टी पिना ठेवायची.

तिनं स्वेटर काढला. तो तडतडला, केस उभे राहिले. बाहेरच्या बोळात खुंटीला तो टांगून ती परत आली आणि पेटीपासून लांब, भिंतीला पाठ लावून, हात मागं बांधून उभी राहिली. अंगावर काटा होता, तो थंडीचा की कशाचा कोण जाणे. ऐंशी. एक्याऐंशी. पंच्याऐंशी. थेंब गोल, निवांत, जणू त्याला अजून पुष्कळ सोसायचं होतं आणि कुणी मध्ये येत नव्हतं म्हणून बरं वाटत होतं. नव्वद. कोरड्या हवेत नव्वद तिनं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव. ती पुटपुटत होती, "चल रे, चल रे राजा," आणि नव्याण्णव पूर्णांक चारला तो एकदम लिंबू झाला, दोन्ही टोकांनी चिळकांडी उडाली आणि पुन्हा गोल. हलका. भाराचा तिसरा हिस्सा टाकून मोकळा. फुटल्यावर तो खाली घसरायला लागला, तशी तिनं धावत जाऊन कळ फिरवून त्याला सावरलं, आणि मग ती हसायला लागली. तीन वर्षांचं तिचं ऐंशी टक्के या क्षणी मेलं होतं, आणि तिला हसू आवरत नव्हतं. त्यानं शंभर सोसले होते! कुणाला सांगू, कुणाला नको, असं तिला झालं.

आनंदातून शुद्धीवर यायला तिला दहा मिनिटं लागली. मग तिनं वह्या काढल्या. पावसाळी, दमट दिवसांच्या नोंदींवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: दमट हवा, बाद. एक्केचाळीस थेंब तिनं असे बाद केले होते. त्यांचे आकडे नव्याण्णव, शंभर, अठ्ठ्याण्णव, शंभर. दमट हवेत स्वेटर भार धरत नाही, एवढी साधी गोष्ट. खरं बोलणारे एक्केचाळीस तिनं स्वतःच्या हातानं घराबाहेर काढले होते आणि खोटे दोनशे सहा मखरात बसवले होते. ती बसल्या जागी लाल झाली. आणि मग हळूच, मांजरासारखा, दुसरा विचार आला. स्वेटर आहेच की बाहेर. चार वाजता घातला, नेहमीप्रमाणे वाकले, तर थेंब नेहमीप्रमाणे ऐंशीवर फुटेल. परीक्षकबाई मान डोलावतील. कुणालाही, कधीही कळणार नाही, आणि खोटं एकही वाक्य बोलावं लागणार नाही. नुसतं कपडे घालायचे. या विचारापाशी ती चांगली पाच मिनिटं बसली, हे कबूल केलं पाहिजे. आणि त्याच्या खाली आणखी एक होता, त्याच्याकडे ती महिनाभर बघायचं टाळत होती: पदवी मिळाली की ही पेटी दुसऱ्या विभागात जाणार. तसं पत्रच आलं होतं. तिच्यासाठी इथं जागा नव्हती. आजचा थेंब फुटला की उद्यापासून सकाळी दहाला कुठं जायचं, हे तिला माहीत नव्हतं. पास झालं तरी संपलं, नापास झालं तर आधीच संपलं. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"वन्संचा स्वेटर," ती म्हणाली.

"काय झालं? उसवला?"

"तीन वर्षं माझा प्रबंध तो लिहीत होता." तिनं सगळं सांगितलं. पलीकडे काही तरी घासायचं यंत्र चालू होतं ते बंद झालं, आणि मग तो जो हसत सुटला, तो खोकला लागेपर्यंत.

"म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. नाही, काखेत नव्हे, चांगला अंगभर कळसा!"

"हसू नकोस. घातला तर पास, काढला तर नापास. सांग काय करू."

त्यानं विचारलं, "तुला थंडी वाजतेय का?"

"नाही."

"मग कशाला घालतेस?" आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

अडीच वाजता तिचे मार्गदर्शक, सर, आले. सर तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. ती त्यांना सर म्हणायची आणि ते तिला ताई म्हणायचे, आणि दोघांनाही त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. तिनं त्यांना भिंतीपाशी उभं केलं, दुपारी लटकवलेल्या, नव्वदीपुढं गेलेल्या थेंबाचा आकडा दाखवला, स्वेटर आत आणून लांबूनच हलवला. सरांचा चेहरा उतरला. त्या ऐंशीवर त्यांचंही नाव होतं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ताई," ते फार हळू म्हणाले, "बाई जाईपर्यंत तरी अंगात घाला ना. मग आपण सावकाश बघू." तिला त्यांचा राग आला नाही. सकाळी आपणही इथंच बसलो होतो, पाच मिनिटं. आणि मग, तिच्या डोळ्यांदेखत, सरांच्या चेहऱ्यावर काही तरी बदलायला लागलं.

"म्हणजे... मी एकदा केला होता थेंब. अठ्ठ्याण्णव आलं होतं मला."

"हो."

"तुम्ही म्हणालात, सर, तुमचा हात बसलेला नाही."

"म्हणाले होते."

"मी ते पान फाडून टाकलं. महिनाभर मला वाटत होतं की आता प्रयोग आपल्याला जमत नाहीत." ते उभे राहिले. "ते बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं, सर. चुकलं माझं."

सर खोलीत एक फेरी मारून आले. मग खिशात हात घालून त्यांनी स्वतःच्या आकड्याचा पुन्हा एकदा उच्चार केला, "अठ्ठ्याण्णव," मुलाच्या गुणांसारखा. "सांगून टाकू या," ते म्हणाले. "मीच सांगतो वाटल्यास." नको, असं ती म्हणाली. स्वेटर तिचा होता.

परीक्षकबाई बरोबर चारला आल्या. बारीक, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेल्या. त्यांच्या हातून पहिल्या फटक्यात कुणी पास झाल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांनी चहाला नको म्हटलं, पाण्यालाही नको म्हटलं. ती उभी राहिली आणि तिनं एका दमात सांगितलं: तिसरं प्रकरण चूक आहे, चूक माझी आहे, ही जाळी, हा स्वेटर, हे बाद केलेले एक्केचाळीस. बोलताना आपला आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. पण पोहता येणाऱ्या माणसाला पाण्यात ढकलावं तसा तो सरळ निघाला. एवढी मोठी चूक आपल्याला इतकी नीट समजली आहे, तिचा कोपरान् कोपरा आपल्याला ठाऊक आहे, याचंच तिला सुख वाटत होतं. परीक्षकबाईंनी सगळं ऐकलं. वही बघितली. मग एक अख्खा थेंब, पाऊण तास, त्यांनी भिंतीला पाठ लावून बघितला. शंभर पूर्णांक एक. मग त्यांनी हात पुढं केला.

"तो स्वेटर द्या."

तिनं दिला. परीक्षकबाईंनी तो आपल्या कपड्यांवरून घातला. गुडघ्याच्या वर चार बोटं आला. बाह्यांतून हात दिसेनात, त्या त्यांनी झटकून मागं सारल्या. स्वेटर तडतडला आणि घट्ट बांधलेल्या केसांतून दोन-चार पांढरे केस सुटून वर उभे राहिले. सरांनी तोंडावर हात ठेवला. नवा थेंब लटकवला होता, तो सत्तरीच्या पुढं गेला होता. परीक्षकबाई एकेक पाऊल टाकत खिडकीपाशी गेल्या आणि वाकल्या. हिरवा ठिपका त्यांच्याकडे सरकला.

"अगं बाई!" परीक्षकबाई म्हणाल्या. "हा माझ्याकडे येतोय!"

"येतो," ती म्हणाली. आणि तिला वाटलं होतं तसा मत्सर बित्सर काही वाटला नाही. उलट कुणाला आपलं घर दाखवताना होतं तसं झालं. परीक्षकबाई मागं झाल्या, पुढं झाल्या, डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या, सत्तरीच्या वयाच्या, जांभळ्या स्वेटरातल्या, आणि थेंब त्यांच्याबरोबर लांबट, गोल, लांबट होत राहिला. मग त्यांनी काचेला नाक लावलं. एक्याऐंशीला तो फुटला. "गेला!" त्या ओरडल्या, आणि ती म्हणाली, "गेला नाही, हा बघा," आणि कळ फिरवून तिनं त्याला वर सावरून धरलं, हलका झालेला, गोल. दोघी एकाच खिडकीतून गालाला गाल लावून त्याच्याकडे बघत राहिल्या. मागं सर काही तरी म्हणत होते, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

मग परीक्षकबाईंनी स्वेटर काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला, केस बसवले आणि पुन्हा परीक्षक झाल्या. "प्रबंध मी परत पाठवते आहे," त्या म्हणाल्या. "तिसरं प्रकरण जसं आहे तसं चालणार नाही. जाळी लावून पन्नास थेंब नव्यानं घ्या. मग जाळी काढून, स्वेटर मोजून मापून इतक्या अंतरावर, तितक्या अंतरावर ठेवून पन्नास. बाहेरची वीज जवळ आली की थेंबाची हद्द किती खाली येते, ते कुणी इतक्या प्रेमानं मोजलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. बाद केलेले एक्केचाळीस परत आत घ्या, त्यांची माफी मागून. तोवर ही पेटी इथून हलता कामा नये. तसं पत्र मी आजच देते. सहा महिने."

सर खाली बघायला लागले. नापासच की हे, दुसऱ्या शब्दांत. पण ती परीक्षकबाईंकडे टक लावून बघत होती. उद्या सकाळी दहाला कुठं जायचं, ते तिला आता कळलं होतं, आणि परवाही, आणि त्याच्या परवाही. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि ते पुसायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

परीक्षकबाईंचा त्या पाण्यावरून गैरसमज झाला असावा. त्यांनी पर्स उचलता उचलता आवाज जरा मऊ केला. "का हो, सहा महिने कमी पडतील?"

"नाही बाई," ती म्हणाली. "पुरवून पुरवून वापरीन."